आजी परत गेल्यानंतर: निवृत्त ग्रेहाउंडच्या एका दत्तक-प्रकरणाचा अभ्यास

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने एप्रिल २०१९ मध्ये आमच्या स्वयंसेवी गटाकडून शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड जातीचा एक कुत्रा दत्तक घेतला. पहिले सहा महिने, मधला एक गंभीर प्रसंग वगळता, चांगले गेले. ऑक्टोबरमध्ये घरातील आजी सांगलीला परतल्या आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत कुत्रा परत घ्यावा, असे विचारणारा दूरध्वनी आमच्याकडे आला. त्या कुटुंबाचा अर्ज मी वाचला होता, घरभेटही मीच दिली होती, आणि ज्या गोष्टीमुळे पुढे सगळे अडले ती मला त्या भेटीतच विचारता आली असती. म्हणून हे प्रकरण मी कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, सविस्तर लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण ग्रेहाउंड कोठून येतो हे कळल्याशिवाय त्याचे वागणे कळत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २००८ साली कुत्र्यांच्या शर्यती बंद करण्याचा कौल दिला आणि १ जानेवारी २०१० पासून त्या राज्यात ती बंदी लागू झाली. त्यामुळे आमच्याकडे येणारे कुत्रे त्यानंतर मुख्यतः बाहेरच्या राज्यांतून येत राहिले. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी फ्लोरिडाच्या मतदारांनी सुमारे ६९ टक्के मतांनी ग्रेहाउंडच्या शर्यतींवर बंदी घालणारी, ‘अमेंडमेंट १३’ या नावाची राज्यघटनेतील दुरुस्ती मंजूर केली. त्या वेळी देशभरात चालू असलेल्या १७ ट्रॅकपैकी ११ एकट्या फ्लोरिडात होते. शर्यती थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची मुदत होती, तरी काही ट्रॅक त्याआधीच बंद होऊ लागले आणि उत्तरेकडे कुत्रे घेऊन येणाऱ्या गाड्यांची ये-जा वाढली. आमच्या गटाकडे स्वतःचे निवारागृह नाही. राज्याच्या नियमाप्रमाणे ४८ तासांचे विलगीकरण पूर्ण झाले की प्रत्येक कुत्रा एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी काही आठवडे राहतो आणि तेथे तो मुळात कसा आहे हे आम्हाला समजते.

या प्रकरणातील कुत्रा मार्चच्या अखेरीस आला. नर, वजन ३२ किलो, काळपट तपकिरी अंगावर वाघासारखे पट्टे. अमेरिकेत शर्यतीसाठी नोंदवलेल्या ग्रेहाउंडच्या दोन्ही कानांत गोंदण असते: डाव्या कानात त्याच्या वेताचा नोंदणी क्रमांक, आणि उजव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा अंक व त्या वेतातील क्रम दाखवणारे अक्षर. याच्या उजव्या कानात ‘७५बी’ असे होते, म्हणजे जन्म जुलै २०१५ मधला. उजव्या मागच्या पायाचा घोटा पूर्वी मोडून जुळलेला होता. कुत्रे ट्रॅकवर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने धावतात, वळणावर उजव्या मागच्या पायावर मोठा ताण येतो, आणि नेमके तेच हाड मोडण्याचे प्रमाण अधिक असते. त्याची शर्यत तेथेच संपली होती. हार्टवर्मची (हृदयात वाढणाऱ्या जंतांची) आणि गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांची तपासणी झाली, नसबंदी व दातांची स्वच्छता झाली. ज्या स्वयंसेविकेच्या घरी तो राहिला तिने नोंदवहीत लिहिले होते की हा माणसांच्या मागेमागे राहणारा, मवाळ स्वभावाचा आहे आणि तिच्या दोन ग्रेहाउंडबरोबर तो निवांत असतो. त्या नोंदीतील शेवटच्या अर्ध्या वाक्याचे महत्त्व मला नंतर कळले.

कुटुंबात आई, वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि नुकत्याच भारतातून आलेल्या वडिलांच्या आई असे चौघे होते. घर तीन मजली, शेजाऱ्यांशी भिंत सामाईक असलेले, आणि कुंपणाचे अंगण नसलेले. ग्रेहाउंडच निवडण्याचे कारण विचारले तेव्हा वडिलांनी कारवानी कुत्र्यांचे नाव घेतले. जतच्या बाजूला त्यांच्या आजोळी लांब पायांचे, खोल छातीचे, चिमटलेल्या पोटाचे ते कुत्रे होते. मुधोळच्या घोरपडे राजांनी ज्या जातीला आश्रय दिला आणि भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी जिच्यावर तिकीट काढले ती मुधोळ हाउंड म्हणजे आपल्याकडचे कारवानच. ग्रेहाउंड आणि कारवान दोन्ही नजरेने शिकार हेरणारे, वासावर विसंबून न राहणारे कुत्रे. मला हे उत्तर आवडले, आणि प्रामाणिकपणे लिहायचे तर त्या आवडीचा माझ्या तपासणीवर परिणाम झाला. ज्या घरात अशा कुत्र्यांची आठवण आहे त्या घराला बाकीचे सांगावे लागणार नाही, असे मी मनात धरून चालले.

प्रत्यक्षात बरेच सांगावे लागले. आजींच्या आठवणीतले कुत्रे मोकळे असत, रानात जात आणि संध्याकाळी भाकरीला परत येत. ग्रेहाउंड ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावू शकतो, समोर ससा किंवा खार दिसली की हाक त्याच्या कानावर पडत नाही, आणि मोटारींची त्याला ओळख नसते. म्हणून कुंपणाबाहेर तो कधीही दोरीशिवाय सोडायचा नाही, असे आमच्या करारातच लिहिलेले असते. त्याची मान डोक्यापेक्षा जाड असल्यामुळे साधा गळपट्टा मागे ओढताच निसटतो, यासाठी ताणल्यावर मर्यादेपुरता आवळणारा मार्टिंगेल पट्टा लागतो. अंगण नसल्याने दिवसातून चार वेळा फिरवणे भाग होते. हे सगळे आजींनी लक्षपूर्वक ऐकले आणि शेवटी विचारले, “मग याला धावायला मिळणार कधी?” प्रश्न रास्त होता. गटातील एका सदस्याच्या कुंपण घातलेल्या शेतावर आठवड्यातून एकदा नेण्याची व्यवस्था त्या प्रश्नामुळेच झाली. मोकळे सोडताना सगळ्या कुत्र्यांना मुसके घालतात, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत रुचले नाही.

कुटुंबाने छायाचित्र पाहून मागितलेली कुत्री वेगळी होती: दोन वर्षांची, फिकट बदामी रंगाची. शेजारी तीन लहान कुत्री, घराला अंगण नाही आणि या कुत्रीला छोट्या धावत्या प्राण्यांची अनावर ओढ, हे पाहून आम्ही नकार दिला. नकार ऐकणे कोणालाच आवडत नाही. आम्ही फुकट राबतो म्हणून आमचे प्रश्न उद्धट ठरत नाहीत असेही नाही, आणि काही गटांची प्रश्नावली उलटतपासणीसारखी असते हे मी मान्य करते. परंतु येथे निवड योग्य होती. पट्टेरी कुत्रा घरात आला तेव्हा तो सरळ आजींच्या खुर्चीपाशी जाऊन त्यांच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. ग्रेहाउंडना अशी टेकून उभे राहण्याची सवय असते. अंगावरचे पट्टे पाहून आजींनी त्याचे नाव वाघ्या ठेवले.

पहिले दोन आठवडे अपेक्षेप्रमाणे गेले. शर्यतीच्या केनलमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवण्याच्या जागेत, जिने नसतात, त्यामुळे एकाने मागून एकेक पाय पायरीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने पुढे उभे राहायचे, असे करत त्याला चार दिवसांत जिना शिकवला. काचेचे दार त्याला दिसत नसे, म्हणून दारावर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. अंगावर चरबी कमी आणि कातडी पातळ असल्याने त्याला कठीण जमिनीवर झोपवत नव्हते. आजींनी जुन्या सुती साड्यांची जाड गोधडी शिवली आणि ती त्याची जागा झाली. खाण्याच्या बाबतीत एकदा वेळेवर लक्ष गेले: अक्षय्य तृतीयेला केलेला बेदाणे घातलेला शिरा त्याच्या वाटीत पडणार होता. बेदाणे आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. त्या दिवशी मी मराठीत एक यादी लिहून शीतकपाटावर लावली: कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे, चॉकलेट, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा) असलेला कोणताही पदार्थ. इंग्रजी पत्रक त्या घरात आधीपासून होते, पण दिवसभर स्वयंपाकघरात असणाऱ्या व्यक्तीला ते वाचता येत नव्हते.

गंभीर प्रसंग तिसऱ्या आठवड्यात घडला. वाघ्या गोधडीवर पडलेला होता, डोळे उघडे होते, म्हणून मुलगी त्याच्या शेजारी आडवी झाली आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकला. तो झोपलेला होता; अनेक ग्रेहाउंड उघड्या डोळ्यांनी झोपतात. तो दचकून गुरगुरला आणि त्याने हवेत तोंड मारले, त्यात मुलीच्या मनगटावर दाताचा ओरखडा उठला. कातडी फाटली नव्हती, तरी घर हादरले. या कुत्र्यांचे आयुष्य वैयक्तिक पिंजऱ्यात गेलेले असते, झोपेत कोणी अंगाला अंग लावल्याचा अनुभव त्यांना नसतो, आणि अशी दचक म्हणजे माणसावर राग नव्हे, हे मी त्याच संध्याकाळी जाऊन समजावले. परंतु नुसती समजूत घालून मूल सुरक्षित राहत नाही. गोधडी जिन्याखालच्या कोपऱ्यात हलवली, तिच्यासमोर जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ ओढली, आणि रेघेच्या आत कोणी जायचे नाही, वाघ्याला बोलवायचे असेल तर नावाने हाक मारायची व तो स्वतः उठून आल्यावरच हात लावायचा, असा नियम केला. नियम मुलीने पाळला, मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळला. पुन्हा तसा प्रसंग घडला नाही.

उन्हाळाभर माझ्या नोंदवहीत या घराविषयी एकही तक्रार नाही. मी ते यश मानले. आई-वडील सकाळी आठला कामावर जात, मुलगी शाळेत आणि नंतर शिबिरात. आजी घरी असत. त्या देवपूजा करत तेव्हा वाघ्या शेजारी पडलेला असे, दुपारी त्यांच्या खोलीत झोपे, आणि त्या अंघोळीला गेल्या तरी दाराबाहेर बसे. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तो घरात एकदाही, अर्धा तासही, एकटा राहिला नव्हता. आमच्या अर्जात प्रश्न होता: घरात कोण कोण राहते आणि कुत्रा दिवसातून किती तास एकटा असेल? त्यांनी खरे उत्तर दिले होते: चौघे, आणि एकही तास नाही. अमेरिकेतल्या मराठी घरात आई-वडील पर्यटक व्हिसावर येतात तेव्हा साधारण सहा महिन्यांनी परततात, हे मला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती; माझ्या स्वतःच्या आईच्या भेटी तशाच झाल्या आहेत. तरीही ‘एकही तास नाही’ हे उत्तर मी कायमचे धरले आणि इतर अर्जदारांना पहिल्या दिवसापासून कुत्र्याला थोडे थोडे एकटे राहायला शिकवण्याचा जो आग्रह आम्ही धरतो, तो येथे धरला नाही.

आजी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी सकाळभर रडण्याचा आवाज आल्याचे सांगितले. तिसऱ्या दिवशी दाराची चौकट कुरतडलेली आणि एक नख उखडलेले आढळले. कुटुंबाने आमच्या गटातील एका अनुभवी स्वयंसेवकाचा सल्ला घेतला, आणि त्याने पिंजरा वापरण्यास सांगितले. सल्ल्यामागचा विचार वरकरणी बरोबर होता: हा कुत्रा पिंजऱ्यातच वाढला, तेव्हा पिंजऱ्यात त्याला सुरक्षित वाटेल. पण केनलमध्ये त्या पिंजऱ्याच्या आजूबाजूला दुसरे कित्येक ग्रेहाउंड श्वास घेत असतात, आणि स्वयंसेविकेच्या घरीही दोन सोबती होते. एकाकी घरातला पिंजरा ही त्याच्यासाठी पूर्णपणे नवी आणि भयंकर गोष्ट होती. त्याने तारा वाकवल्या आणि एक सुळा मोडून घेतला. त्या संध्याकाळी आईने मला दूरध्वनी केला. “ताई, आम्ही त्याला छळतो आहोत असे वाटते. त्याला दिवसभर माणूस असलेले घर मिळत असेल तर तुम्ही त्याला घेऊन जा,” एवढेच त्या बोलल्या.

आमच्या करारानुसार कुत्रा केव्हाही गटाकडे परत येऊ शकतो, आणि परत आणणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. मी त्यांना दोन दिवस मागितले आणि घरात कॅमेरा लावण्यास सांगितले. चित्रणात दिसले ते असे: दार बंद झाल्यावर चौथ्या मिनिटाला धाप सुरू झाली, मग दार आणि आजींची खोली यांच्यामध्ये सतत येरझाऱ्या, अकराव्या मिनिटाला आकाशाकडे तोंड करून रडणे, आणि पुढे दोन तासांत एकदाही बसणे नाही. हा खोडकरपणा किंवा कंटाळा नव्हता. ती भीती होती. एक प्रयोग कुटुंबाने आपणहून केला होता, आजींचा आवाज दूरध्वनीच्या ध्वनिवर्धकावरून ऐकवण्याचा. त्याने वाघ्या अधिकच बिथरला आणि खोलीखोलीत त्यांना शोधत राहिला. तो प्रयोग तत्काळ थांबवला.

पुढचा मार्ग पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ठरला आणि त्याचा पाया एकच होता: शिकवण चालू असेपर्यंत त्याला सोसवेल त्यापेक्षा एक मिनिटही जास्त एकटे सोडायचे नाही, कारण प्रत्येक वेळी आलेली घबराट आधीचे शिकणे पुसून टाकते. म्हणजे कामाच्या दिवशी कोणी ना कोणी हवे. आईने आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी मिळवली, एक दिवस वाघ्या माझ्याकडे येई, आणि उरलेले दोन दिवस गावातील महाराष्ट्र मंडळातल्या एका निवृत्त जोडप्याने स्वीकारले. त्या काकाकाकूंनी आयुष्यात कुत्रा पाळलेला नव्हता. काका वर्तमानपत्र वाचत आणि वाघ्या शेजारी गोधडीवर पडे. गोधडी प्रत्येक घरी त्याच्याबरोबर जात असे, आणि ती अंथरली की येथे निवांत पडायचे हे त्याला समजू लागले.

संध्याकाळी आई-वडिलांपैकी एक जण सराव करत असे. पहिले काही दिवस फक्त चपला घालून पुन्हा काढणे, किल्ल्या उचलून पुन्हा ठेवणे, एवढेच. मग दाराच्या मुठीला हात. मग बाहेर पाच सेकंद, वीस सेकंद, परत बारा सेकंद; वेळ चढत्या क्रमाने वाढवली तर कुत्रा तो क्रमही ओळखतो, म्हणून मध्येमध्ये मुद्दाम कमी करायची. धाप किंवा येरझारा दिसली की त्या दिवसाचा सराव संपला. नोव्हेंबरच्या अखेरीस तो सहा मिनिटे शांत पडून राहू लागला. सहा आठवड्यांच्या कष्टांचे फळ सहा मिनिटे, हे ऐकून वडिलांचा धीर सुटला होता, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

औषधाचा प्रश्न त्याच सुमारास आला. कुत्र्यांच्या विरहजन्य भीतीवर फ्लुऑक्सेटिन वापरले जाते. त्याचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि शिकवणीशिवाय नुसत्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. कुटुंबाला गोळी देणे म्हणजे कुत्र्याला गुंगीत ठेवणे वाटत होते, ते पशुवैद्यकांनी शांतपणे दूर केले. औषधापूर्वीच्या रक्ततपासणीत थायरॉइडचे प्रमाण कमी आले आणि आणखी एक गोळी सुरू करावी का, असा विचार पुढे आला. ग्रेहाउंडमध्ये टी-४ हे संप्रेरक मुळातच इतर जातींपेक्षा कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशींचे प्रमाण जास्त आणि रक्तबिंबिकांचे कमी असते, आणि हे सर्व त्यांच्यासाठी प्राकृत आहे. या जातीचे माहितीपत्रक आम्ही दवाखान्यात दिले, पशुवैद्यकांनी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासले, ते व्यवस्थित होते, आणि दुसरी गोळी टळली. एका जातीपुरते काम करणाऱ्या गटाचा उपयोग मला सर्वांत जास्त अशाच वेळी जाणवतो.

दुसरा ग्रेहाउंड आणावा का, हेही विचारले गेले. मी विरोध केला. दोन आठवडे माझ्या कुत्रीला त्यांच्या घरी ठेवून पाहिले. ती गाढ झोपली आणि वाघ्या दारापाशी उभा राहिला. त्याला माणूस हवे होते. एका घाबरलेल्या कुत्र्यासाठी दुसरा आणला आणि पहिला घाबरलेलाच राहिला, तर कुटुंबाचा भार फक्त दुप्पट होतो.

जानेवारी २०२० मध्ये सहा मिनिटांची चाळीस मिनिटे झाली आणि फेब्रुवारीअखेर तो साडेतीन तास राहू लागला, म्हणजे दुपारी एक जण येऊन फिरवून आणेल इतपत सोय झाली. मार्चमध्ये महासाथ आली आणि सगळे घरीच बसले. या काळात अनेक घरांनी कुत्र्याला एकटे ठेवणे पूर्ण सोडले. या कुटुंबाने आमच्या सांगण्यावरून आठवड्यातून तीनदा तिघांनी मिळून घराबाहेर पडण्याचा नियम चालू ठेवला, बर्फ असो की पाऊस. २०२१ च्या शरद ऋतूत कार्यालये उघडली तेव्हा तो पाच तास झोपून काढत होता. गोळी पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करून बंद झाली होती.

आमच्या अर्जात आता एक प्रश्न वाढला आहे: दिवसा घरात कोण असते, आणि येत्या बारा महिन्यांत त्यात कोणता बदल होणार आहे? घरी दिवसभर माणूस असेल तरीही पहिल्या आठवड्यापासून कुत्र्याला रोज एकटे ठेवण्याचा आराखडा आम्ही लिहून घेतो, आणि खाण्यापिण्याची यादी घरात प्रत्यक्ष वाचली जाणाऱ्या भाषेत देतो.

आजी जून २०२२ मध्ये पुन्हा आल्या. येण्यापूर्वी मी त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलले आणि रोज सकाळी दोन तास त्यांनी घराबाहेर राहावे, अशी विनंती केली. “त्याला बरे वाटावे म्हणून त्याला सोडून जायचे?” असे त्यांनी विचारले, थोडा वेळ थांबल्या, आणि मग गावातले वाचनालय घरापासून किती लांब आहे ते विचारले. त्या मुक्कामात त्या दहा वाजता छत्री घेऊन निघत. कॅमेऱ्यात वाघ्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर जाताना दिसतो, दार लागल्यावर क्षणभर उभा राहतो, आणि मग जिन्याखाली जाऊन विरलेल्या गोधडीवर एक गिरकी घेऊन आडवा होतो.